जुना ट्रक तापतो तेव्हा : हेड खोलायच्या आधी करायची तपासणी

'गाडी हीट होते' एवढंच सांगून ट्रक गॅरेजमध्ये सोडला की बहुतेक वेळा दोनच गोष्टी होतात. रेडिएटर बदलायला सांगतात, नाहीतर हेड (सिलिंडरवरचा इंजिनाचा माथा) उतरवतात. दोन्ही कामं खर्चाची आहेत, आणि दोष तिसऱ्याच ठिकाणी असेल तर पहिल्या घाटात काटा पुन्हा लालवर. गाडी तापते कधी, हे नीट पाहिलं असेल तर दोष कुठे असणार याचा निम्मा अंदाज तिथेच येतो. उसाच्या फडात पहिल्या गिअरमध्ये रांगताना तापते, की वंटमुरी घाटात भरलेल्या लोडवर तापते, की सकाळी चालू केल्यावर पाच मिनिटांत तापते, यावर पुढची सगळी तपासणी अवलंबून आहे.

हा लेख बेळगाव भागात नव्याने ट्रक हातात घेतलेल्या मालकांसाठी, ड्रायव्हर-किन्नरांसाठी (किन्नर म्हणजे क्लीनर) आणि गॅरेजात नुकतंच काम शिकायला लागलेल्या पोरांसाठी आहे. डोळ्यापुढे जुन्या बनावटीचे डिझेल ट्रक आहेत : लोखंडी ब्लॉक, तांब्या-पितळेचा रेडिएटर, पट्ट्यावर फिरणारा फॅन.

गाडी रस्त्यात तापली तर

काटा लालकडे सरकतोय, पण पाणी बाहेर आलेलं नाही, वाफ दिसत नाही, अशा वेळी गाडी बाजूला घ्या, न्यूट्रल करा आणि इंजिन स्लोपेक्षा (ॲक्सिलरेटर न दाबता चालतं त्यापेक्षा) थोडं वर, साधारण हजार-बाराशे आरपीएमवर चालू ठेवा. लोड उतरलेला असतो आणि पंप-फॅन फिरत असतात, त्यामुळे दोन-चार मिनिटांत काटा खाली यायला हवा. तसा आला नाही, किंवा वाफ निघतेय, पाणी फेकलं गेलंय, पट्टा तुटलाय, तर इंजिन लगेच बंद करा. पाणी नसलेलं इंजिन चालू ठेवलं तर पिस्टन धरतात आणि हेड वाकतं.

रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर असतं. झाकण फिरताच दाब सुटतो, त्या पाण्याची एकदम वाफ होते आणि ती तोंडावर येते. वर ओलं गोणपाट टाकून उघडतो म्हणणारे बरेच भाजले आहेत. निदान अर्धा-पाऊण तास थांबा. वरच्या होस पाइपला हात लावता आला आणि पाइप दाबल्यावर मऊ लागला, तरच झाकण पहिल्या खाचेपर्यंत फिरवा, फुसफुस थांबू द्या, मग काढा.

तापलेल्या इंजिनात थंड पाण्याची घागर ओतणं ही आपल्याकडची जुनी खोड. लाल तापलेल्या तव्यावर पाणी टाकल्यासारखं होतं आणि हेडला तडा जातो. इंजिन निवल्यावर, स्लोवर चालू ठेवून, पाणी बारीक धारेने घाला.

पाणी, झाकण आणि आपल्या भागाची उंची

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंच आहे. इथे उघड्या भांड्यातलं पाणी शंभरला न उकळता सुमारे 97 अंशांवर उकळतं. इंजिनाचं पाणी चांगल्या गाडीतही 80 ते 95 अंशांच्या मध्ये असतं, म्हणजे उकळीपासून फार लांब नाही. हे अंतर वाढवायचं काम झाकण करतं. झाकणातली स्प्रिंग आत दाब धरून ठेवते आणि दाबाखाली पाणी उशिरा उकळतं. 7 पीएसआयचं (पीएसआय म्हणजे दाबाचं माप) झाकण नीट धरत असेल तर बेळगावच्या उंचीवर उकळी सुमारे 109 अंशांवर जाते, 13 पीएसआयचं असेल तर 117 च्या आसपास. झाकणाचं रबर चिरलं की ही सगळी सवलत गेली. इंजिनात काहीही बिघाड नसताना गाडी घाटात पाणी फेकते आणि बिचाऱ्या हेडवर आळ येतो.

म्हणून सुरुवात झाकणापासून. त्यावर छापलेला आकडा वाचा. गाडीच्या पुस्तकातलाच आकडा हवा. जास्त दाबाचं झाकण बसवलं तर जुन्या रेडिएटरचे सांधे सुटतात. खालचं मोठं रबर बोटाने चाचपा, कडक किंवा खाचलेलं असेल तर झाकण बदला. मधला छोटा वॉल्व्ह नखाने ओढून सोडा, तो परत बसायला हवा. हा वॉल्व्ह अडकला की गाडी थंड होताना आत पोकळी तयार होते आणि सकाळी वरचा होस पाइप चपटा झालेला दिसतो. रेडिएटरच्या गळ्यातली, रबर टेकतं ती कडाही पाहा. तिथे पोचा असेल तर नवं झाकणसुद्धा धरणार नाही.

आता पाणी. अथणी, रायबाग, चिकोडी पट्ट्यात बऱ्याच बोअरचं पाणी जड आहे. ज्या पाण्याने घरातल्या बादलीला पांढरा थर धरतो, तेच पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि ब्लॉकच्या आतल्या भिंतींवर थर धरतं. क्षाराचा पातळ थरही उष्णता अडवतो. पाणी पंधरा दिवसांनी बदललं तर चांगलं, असा एक समज आहे. जड पाण्याच्या बाबतीत तो उलटा पडतो, कारण प्रत्येक नव्या बादलीबरोबर नवे क्षार आत जातात. डिस्टिल्ड पाणी घ्या, ते नसेल तर आरओचं. खानापूर-कणकुंबी बाजूला पावसाळ्यात स्वच्छ भांड्यात धरलेलं पावसाचं पाणीही बोअरपेक्षा कितीतरी बरं.

कूलंट (रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचं द्रव्य) म्हणजे थंड प्रदेशातली चैन, आपल्याला काय करायचंय, असं ऐकू येतं. आपल्याकडे पाणी गोठत नाही हे खरं. पण कूलंटमधलं गंजरोधक द्रव्य आपल्यालाही हवंच. साध्या पाण्यावर चालणाऱ्या ब्लॉकमधून तपकिरी गंजाचा गाळ सुटतो आणि रेडिएटरच्या खालच्या टाकीत बसतो. वेट लायनरच्या (सिलिंडरच्या नळीला बाहेरून थेट पाणी लागतं अशा) इंजिनांत तर लायनरच्या बाहेरच्या बाजूला सुईच्या टोकाएवढी भोकं पडत जातात. घट्ट कूलंट असेल तर 20 लिटरच्या गाडीत 8 लिटर कूलंट आणि 12 लिटर पाणी हे प्रमाण आपल्या हवेला पुरतं. डब्यावर 'रेडी मिक्स' लिहिलं असेल तर त्यात पाणी मिसळायचं नाही. दोन रंगांचे कूलंट एकत्र करू नका. आणि काढलेलं जुनं कूलंट गोठ्याजवळ किंवा बांधावर कधीच सोडू नका. ते चवीला गोड असतं, कुत्री-जनावरं पितात आणि मरतात.

तापण्याची वेळ काय सांगते

फडातून ऊस काढताना, कारखान्याच्या रांगेत, गावातल्या गर्दीत तापते आणि हायवेला लागल्यावर काटा खाली येतो : दोष हवेच्या बाजूला. गाडी पळते तेव्हा समोरून वारा आपोआप मिळतो. उभी असते तेव्हा सगळा भार फॅनवर. फॅन, पट्टा, फॅनभोवतीचं कडं आणि रेडिएटरच्या जाळीचा बाहेरचा भाग तपासा.

रिकामी गाडी ठीक, भरलेली गाडी तवंदी किंवा वंटमुरी घाटात तापते, सपाटीला निवते : इंजिन तयार करतंय तेवढी उष्णता बाहेर टाकता येत नाही. नळ्या आतून बुजल्यात, पंप कमी पाणी ढकलतोय, थर्मोस्टॅट (पाणी गरम झाल्यावरच रेडिएटरची वाट उघडणारा वॉल्व्ह) अर्धाच उघडतोय, किंवा इंजिनच गरजेपेक्षा जास्त तापतंय. सावंतवाडीहून आंबोली किंवा मोलेमहून अनमोड चढताना हा दोष सर्वात आधी उघडा पडतो. खालची हवा मुळात गरम असते, चढ लांब असतो आणि वेग कमी.

सकाळच्या थंड इंजिनावर पाच-दहा मिनिटांत तापते : पाणी नाही, थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय, वॉटर बॉडीची (पाण्याच्या पंपाची) पाती शाफ्टवर घसरतात, किंवा हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग) गेलंय.

तापत नाही, पण रोज पाणी कमी होतं : गळती. आणि पाणी भरलेलं, पाइप नेहमीसारखे गरम, तरी काटा लालवर : आधी मीटरवर संशय घ्या. हेडलाइट लावल्यावर काटा उडी मारत असेल तर अर्थिंग ढिली आहे. याच्या उलट प्रकार जास्त धोक्याचा. पाण्याची पातळी सेन्सरच्या खाली गेली की सेन्सर नुसत्या वाफेत राहतो आणि काटा चक्क खाली येऊ शकतो. इंजिन भाजत असतं आणि ड्रायव्हर निवांत असतो. घाटात काटा अचानक पडला तर खूश होऊ नका, थांबून पाहा. इन्फ्रारेड थर्मामीटरची बंदूक आता हार्डवेअरच्या दुकानातही मिळते. थर्मोस्टॅटच्या घरावर, काळ्या रंगाच्या जागी धरा. चकाकणाऱ्या धातूवर ती खोटं माप देते.

हवेची बाजू

इंजिन बंद, किल्ली खिशात, मगच फॅनजवळ हात.

जाळी पुढून स्वच्छ दिसते म्हणून फसू नका. उसाच्या हंगामात पाचटाचा भुगा, धूळ आणि किडे जाळीच्या आत खोल बसतात. वर ऑइलचा हात फिरला असेल तर त्याचं लिंपण होतं. टर्बोच्या गाडीत पुढे इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारी दुसरी जाळी) असेल तर खरी घाण त्याच्या आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत असते, ती बोल्ट सोडल्याशिवाय दिसतही नाही. मागे टॉर्च धरा आणि पुढून पाहा. उजेड जिथून येत नाही तिथून वाराही जात नाही. धुताना पाणी इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेला मारा, म्हणजे घाण आली तशीच परत जाईल. साधा पाइप पुरे. सर्व्हिसिंगच्या प्रेशर गनने जाळीचे पातळ पत्रे आडवे होतात आणि आधी होती त्याहून वाट लागते. ऑइल असेल तर साबणाचं पाणी लावून पंधरा मिनिटं थांबा.

पट्टा दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्याने जोरात दाबा. 10 ते 15 मिलिमीटर खाली जायला हवा. त्याहून जास्त गेला तर ढिला, अजिबात गेला नाही तर वॉटर बॉडीचं बेअरिंग लवकर जाईल. पट्ट्याची वरची कड पुलीच्या काठाबरोबर असावी. पट्टा झिजून खोल बसला असेल आणि पुलीचा तळ आरशासारखा चमकत असेल तर तो तळावर घसरतोय. कितीही ताणला तरी घसरणारच. जोडी पट्टे असतील तर दोन्ही एकदम बदला, नाहीतर नव्यावरच सगळा ताण येतो.

फॅनभोवतीचं कडं अपघातात मोडलं की पुष्कळ जण ते काढून फेकतात. ते नसेल तर फॅन त्याच त्याच गरम हवेला घुसळत बसतो आणि जाळीतून वारा ओढत नाही. फडात तापणाऱ्या, हायवेला न तापणाऱ्या गाडीत हे कडं आहे का, हे पट्ट्यानंतर लगेच पाहा. फॅन उलटा बसवलाय का तेही पाहा. वारा त्याच दिशेला जातो, पण निम्माच, त्यामुळे लक्षात येत नाही. व्हिस्कस फॅन (मधल्या डब्यातल्या घट्ट तेलामुळे गरम झाल्यावरच पूर्ण जोराने फिरणारा) असेल तर गाडी चांगली गरम करून इंजिन बंद करा आणि मग फॅन हाताने फिरवा. जड लागायला हवा. गरम असतानाही गिरगिर फिरला, किंवा मधल्या डब्यातून तेलकट ओघळ आलाय, तर तो गेला.

पाण्याची बाजू

थंड इंजिन, झाकण काढलेलं, पाणी गळ्याच्या थोडं खाली. इंजिन चालू करा आणि वरून पाहत राहा. सुरुवातीला पाणी जवळजवळ शांत असतं, वरचा होस पाइप कोमट. थर्मोस्टॅट उघडला की वरचा पाइप अर्ध्या मिनिटात हात न लावण्याइतका गरम होतो आणि टाकीत पाणी एका बाजूने ढकललं जाताना स्पष्ट दिसतं. तेव्हा थोडी रेस द्या, ओघ वाढायला हवा. (रेस देताना तोंड बाजूला ठेवा.) पाइप गरम, पण ओघ दिसत नाही : वॉटर बॉडीची पाती गंजून गेलीत किंवा शाफ्टवर सैल झालीत. साध्या, जड पाण्यावर वर्षानुवर्षं चाललेल्या गाडीत काढलेल्या वॉटर बॉडीत पात्यांच्या जागी नुसते खुंट सापडतात. बाहेरून बेअरिंग ठणठणीत, आवाज नाही, गळती नाही.

वॉटर बॉडीच्या खाली एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की तिथून पाणी ठिबकतं. ते भोक एमसीलने बुजवू नका. पाणी मग बेअरिंगमध्ये शिरतं, आणि बेअरिंग तुटलं की फॅन सरळ रेडिएटरच्या जाळीत घुसतो. थोडे पैसे वाचवायला जाऊन रेडिएटरचा खर्च अंगावर येतो.

वरचा आणि खालचा पाइप यांत फरक पाहा. लोडवर चालून आलेल्या गाडीत खालचा पाइप वरच्यापेक्षा साधारण 5 ते 10 अंश थंड असतो. वरचा चटका देतोय आणि खालचा गार, म्हणजे पाणी पुढे सरकतच नाही. रेस दिल्यावर खालचा पाइप आत ओढला जाऊन चपटा होत असेल तर पंपाला मागून पाणी मिळत नाही. नळ्या बुजल्यात किंवा पाइप मऊ पडलाय. जुन्या खालच्या पाइपात आत तारेची स्प्रिंग असते, ती गंजून गेली की असंच होतं. नवा पाइप घालताना ती विसरू नका.

रेडिएटर आतून बुजलाय का, हे बंदुकीने जाळीवर रांगेने माप घेतलं की कळतं. वरून खाली तापमान हळूहळू उतरायला हवं. मध्येच एखादा पट्टा वीस-पंचवीस अंशांनी गार लागला तर त्या नळ्यांतून पाणी जात नाही. बंदूक नसेल तर रेडिएटर उतरवा, खालचं तोंड हाताने बंद करून भरा आणि हात काढा. पाणी भसकन एकदम पडायला हवं. सावकाश, धारेने पडलं तर रॉडिंग करणाऱ्याकडे न्या. तो टाक्या खोलून नळ्यांतून सळी फिरवतो. तांब्या-पितळेच्या जाळीला हाच खरा उपाय. थर हलका असेल तर लिंबूसत चालतं : लिटरला 50 ग्रॅम, गरम पाण्यात, जास्तीत जास्त अर्धा तास, मग स्वच्छ पाण्याने तीन वेळा धुणं. संडास धुवायचं ॲसिड टाकायला सांगणाऱ्याचं ऐकू नका. ते क्षाराबरोबर सांध्यांचं डागकाम (सोल्डर) आणि ॲल्युमिनियमचे भागही खातं.

थर्मोस्टॅट काढून टाकू नका

'गाडी हीट होते ना, थर्मोस्टॅट काढून टाक.' हा सल्ला बेळगावच्या गॅरेजात मिळतो तसा कोल्हापूरलाही मिळतो. बऱ्याच इंजिनांत त्याने गाडी जास्त तापते. थर्मोस्टॅटची खालची तबकडी दुसरंही काम करते. वॉल्व्ह उघडताना ती बायपासचा रस्ता बंद करते, म्हणजे सगळं पाणी रेडिएटरकडे जातं. थर्मोस्टॅटच नसेल तर बायपास कायम उघडा राहतो. पाण्याला सोपी वाट मिळते, ते इंजिनातच गोल फिरतं आणि रेडिएटरकडे कमी जातं. सपाटीला गाडी इतकी थंड चालते की डिझेल जास्त लागतं, लायनर-रिंग झिजतात. आणि घाटात नेमकी तापते. कमिन्स 6बीटी असलेल्या जुन्या टाटा गाड्यांत हे हमखास दिसतं.

तपासायला फक्त एक पातेलं, दोरा आणि थर्मामीटर लागतो. थर्मोस्टॅटवर अंश कोरलेले असतात, 79, 82, 83 असे. दोऱ्याचं टोक वॉल्व्हच्या फटीत अडकवून तो पाण्यात असा टांगा की तळाला टेकणार नाही. थर्मामीटरही तळापासून वर. गॅस बारीक. कोरलेल्या आकड्याच्या दोन अंश इकडेतिकडे वॉल्व्ह फट देऊ लागतो, दोरा सुटतो आणि थर्मोस्टॅट खाली पडतो. तो क्षण म्हणजे उघडण्याचं तापमान. पुढे दहा-बारा अंशांत तो पूर्ण उघडायला हवा, साधारण 8 ते 10 मिलिमीटर. आपल्याकडे पाणी 97 लाच उकळतं, म्हणून 83 चा थर्मोस्टॅट उकळीच्या जरासा आधी पूर्ण उघडलेला दिसेल. खळखळत्या पाण्यातही जेमतेम 3-4 मिलिमीटर उघडत असेल तर घाटात तापण्याचं कारण तुमच्या पातेल्यात आहे. बाहेर काढून गार होऊ द्या, घट्ट मिटायला हवा. बसवताना छोटी टिकली असलेलं भोक वरच्या बाजूला, नाहीतर हवा अडकते.

बुडबुडे : हेड गॅस्केट की एअर कॉम्प्रेसर

झाकण उघडं ठेवून थंड इंजिन चालू केलं आणि पहिल्या मिनिटातच बारीक बुडबुड्यांची संतत रांग यायला लागली, की सगळे म्हणतात, हेड गॅस्केट गेलं. बऱ्याचदा ते खरंही असतं. पण एअर ब्रेकच्या ट्रकमध्ये कॉम्प्रेसरचं हेड इंजिनाच्या पाण्यानेच थंड होत असतं. त्याचं पॅकिंग फुटलं तर दाबाची हवा पाण्यात शिरते आणि लक्षणं हुबेहूब तीच. कॉम्प्रेसरचं पॅकिंग तासाभराचं काम. इंजिनाचं हेड म्हणजे दोन-तीन दिवस, फेसिंग (हेडचा तळ घासून सपाट करणं) आणि नवे बोल्ट. फरक काहीही न खोलता कळतो.

चाकांना दगड लावा. ब्रेकच्या टाक्यांची हवा ड्रेनमधून पूर्ण सोडा. रेडिएटर भरून झाकण उघडं ठेवा, इंजिन चालू करा. टाक्या भरत असताना बुडबुडे पाहा. मीटरची हवा पूर्ण झाली की अनलोडर वॉल्व्ह 'फस्स' करतो आणि कॉम्प्रेसर हवा दाबायचं थांबवतो. त्याच क्षणी बुडबुडे थांबले किंवा अगदी कमी झाले तर दोष कॉम्प्रेसरचा. ब्रेक पाच-सहा वेळा दाबून हवा खाली आणा. कॉम्प्रेसर पुन्हा कामाला लागला आणि बुडबुडे परतले, तर शंका उरत नाही. 'फस्स' झाल्यावरही रांग तशीच सुरू असेल तर ती सिलिंडरमधली हवा आहे, हेडकडे चला.

हेड गॅस्केटची आणखी लक्षणं : थंड इंजिन चालू केल्यावर मिनिटभरात वरचा पाइप दगडासारखा कडक होणं, रात्रभर उभ्या गाडीत सकाळीही दाब असणं, ऑइल गेजवर चहासारखा रंग, चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत) ऑइलची पातळी वाढणं. फक्त लोडवर फुटणारं गॅस्केट स्लोवर पकडता येत नाही. त्यासाठी ओव्हरफ्लोची नळी अर्ध्या पाण्याच्या पारदर्शक बाटलीत सोडून बाटली बांधा आणि घाटात एक फेरी मारा. वर पोचल्यावर इंजिन चालू असतानाच किन्नराला पाहायला सांगा. चढावर बाटली खळखळत राहिली तर सिलिंडरची हवा येतेय.

पाण्यावर ऑइलची साय, पण ऑइलमध्ये पाणी नाही : आधी ऑइल कूलर. इंजिन चालताना ऑइलचा दाब पाण्यापेक्षा जास्त असतो, म्हणून ऑइल पाण्यात जातं. हेड खोलायची घाई नको.

हेड उतरवलंच तर सरळ पट्टी आणि फिलर (फट मोजायची पातळ पाती) लावून सपाटी पाहिल्याशिवाय नवं गॅस्केट घालू नका. एकदा चांगलं तापलेलं हेड वाकलेलं असायची शक्यता मोठी.

कूलिंग ठीक, तरी तापते

सगळं तपासून झालं तर इंजिन जास्त उष्णता का तयार करतंय ते पाहा. दहा किलोमीटर चालवून प्रत्येक ड्रमजवळ हात धरा. एखादा बाकीच्यांपेक्षा फार गरम असेल तर ब्रेक धरतोय आणि गाडी कायम अडलेल्या ब्रेकवर चढतेय. एअर फिल्टर पाचटाच्या धुळीने भरला की काळा धूर आणि उष्णता दोन्ही वाढतात. डिझेल फवारण्याचं टायमिंग मागे गेलं असेल, किंवा ताकद वाढवायला कुणी डिझेल पंपातून जाणारं डिझेल वाढवलं असेल, तर डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याकडे जाण्याला पर्याय नाही. एक्झॉस्ट ब्रेकची पाकळी अर्धवट बंद राहत नाही ना, तेही पाहा. आणि पासिंगच्या (आरटीओने मंजूर केलेल्या वजनाच्या) दीडपट ऊस भरून घाट चढवायचा असेल तर नवा रेडिएटरही तापणार.

पाणी परत भरताना

दुरुस्तीनंतर तापणाऱ्या कितीतरी गाड्यांत नुसती हवा अडकलेली असते. जुनं पाणी काढताना रेडिएटरबरोबर ब्लॉकचा कॉकही उघडा. तो बहुधा गाळाने बुजलेला असतो. तारेने टोचा, तपकिरी चिखल येईपर्यंत. भरताना लिटर मोजा. पुस्तकात 20 लिटर लिहिलंय आणि 14 वरच रेडिएटर काठोकाठ भरला, तर उरलेले सहा लिटर म्हणजे ब्लॉकमधलं जुनं पाणी किंवा हवा. गाडीचं तोंड थोडं चढावर ठेवा, हेडवर हवा काढायचा स्क्रू असेल तर पाण्याची सलग धार येईपर्यंत उघडा ठेवा, बारीक धारेने भरा. झाकण उघडं ठेवूनच इंजिन चालवा, थर्मोस्टॅट उघडल्यावर पातळी एकदम खाली जाईल, तेव्हा पुन्हा भरा आणि मग झाकण लावा.

एका वेळी एकच गोष्ट बदला. झाकण, पट्टा, थर्मोस्टॅट सगळं एकदम बदलून गाडी बरी झाली तर काय गेलं होतं ते कळत नाही, आणि पुढच्या हंगामात पुन्हा सगळ्याचाच खर्च. केबिनमध्ये एक वही ठेवा : तारीख, किलोमीटर, किती लिटर पाणी घातलं, कुठे तापली. निपाणीचा मिस्त्री मराठीत बोलो की गोकाकचा कन्नडमध्ये, वॉटर बॉडी, बेल्ट, गॅस्केट हे शब्द दोघांचे एकच. वहीतले आकडे दोघांनाही समजतात.

शेवटी भरलेल्या गाडीने एक घाट चढवा. वर थांबून इंजिन तीन-चार मिनिटं स्लोवर ठेवा, टर्बो असेल तर नक्कीच. रात्रभर उभी ठेवून सकाळी थंड असताना सगळ्या होस क्लिप अर्धा फेरा आवळा, कारण नवे पाइप पहिल्या तापण्यानंतर बसतात आणि क्लिप ढिल्या पडतात. मग झाकण उघडून पातळी पाहा. अर्धा लिटर कमी झालं असेल तर ती अडकलेली हवा होती, त्याच मिश्रणाने भरा. दुसऱ्या सकाळीही तेवढंच कमी झालं, तर गळती शोधायला गाडीखाली कोरडा पुठ्ठा पसरून ठेवा.